बालमंदिर ते कुरणशाळा : बोर्डी-कोसबाडच्या पूर्वप्राथमिक शिक्षणप्रयोगाचा स्थानविचार

प्रास्ताविक

शाळेचा इतिहास लिहिताना संस्थापक, स्थापनेचे वर्ष, विद्यार्थिसंख्या आणि निकाल यांची नोंद आवर्जून केली जाते. शाळा कोणत्या जागी भरत होती, ही बाब मात्र बहुधा एका वाक्यात उरकली जाते. वास्तविक शाळेची जागा ही केवळ भौगोलिक माहिती नसते. तेथे कोणते मूल सहज पोहोचेल, कोणते मूल उंबरठ्यावरूनच परत जाईल आणि कोणाच्या मनात तेथे येण्याचा विचारही उद्भवणार नाही, हे बऱ्याच अंशी जागेवरूनच ठरत असते.

इंग्लंडमधील ‘प्रिपरेटरी स्कूल’ या शिक्षणसंस्थेचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. साधारणतः आठ ते तेरा वर्षे वयाच्या मुलांना नामांकित ‘पब्लिक स्कूल’च्या प्रवेशासाठी तयार करणाऱ्या या खाजगी शाळा एकोणिसाव्या शतकात वाढीस लागल्या आणि त्यांपैकी अनेक शाळांनी ग्रामीण भागातील जमीनदारांच्या प्रशस्त हवेल्यांमध्ये बस्तान बसविले. ससेक्समधील ‘ॲशडाऊन हाऊस’ हे त्याचे एक ठळक उदाहरण होय. १८४३ मध्ये ब्रायटन येथे सुरू झालेली ही शाळा १८८६ मध्ये, वास्तुविशारद बेंजामिन लॅट्रोब यांनी १७९३ च्या सुमारास बांधलेल्या एका ग्रामीण हवेलीत गेली आणि २०२० मध्ये बंद पडली. विस्तीर्ण हिरवळ, उंच दालने आणि कुटुंबापासून दूर असलेले वसतिगृह ही त्या शिक्षणाची केवळ पार्श्वभूमी नव्हती. उद्याच्या सत्ताधारी वर्गाला लागणारे वळण मुलांच्या अंगी बाणविण्याचे ते साधनच होते. ब्रिटिश राजवटीत पाचगणीसारख्या थंड हवेच्या ठिकाणी ज्या निवासी शाळा उभ्या राहिल्या, त्यांच्यामागेही हाच आदर्श होता.

महाराष्ट्रात मात्र ‘पूर्वतयारीच्या’ शिक्षणाचा एक प्रवाह याच्या नेमक्या उलट दिशेने वाहिला. तो शहरातून गावाकडे, गावातून पाड्याकडे आणि अखेरीस इमारतीतून उघड्या माळाकडे गेला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे चालविलेला प्रयोग म्हणजे हा प्रवाह होय. बालमंदिर, शिशुविहार, बालवाडी, अंगणवाडी आणि कुरणशाळा ही त्या प्रवासातील नावे ओळीने वाचली, तरी प्रत्येक टप्प्यावर शाळेची एकेक भिंत कमी होत गेल्याचे लक्षात येते. प्रस्तुत लेखात या प्रयोगाचा स्थानविचाराच्या अंगाने परामर्श घेण्यात आला असून, त्याचे आजच्या पूर्वप्राथमिक शिक्षणाशी असलेले नाते स्पष्ट करण्याचा प्रयत्न करण्यात आला आहे.

मुलांचे घर, मुलांचे मंदिर

आधुनिक बालशिक्षणाच्या प्रारंभीही एक घरच आहे. डॉ. मारिया मॉन्टेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोम शहराच्या सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीतील एका चाळवजा इमारतीत आपली पहिली बालशाळा सुरू केली. तिचे इटालियन नाव ‘मुलांचे घर’ अशा अर्थाचे होते. आईवडील कामावर गेल्यानंतर दिवसभर मोकाट राहणाऱ्या कामगारांच्या मुलांसाठी ती होती. ज्या पद्धतीची ओळख पुढे जगभर सुखवस्तू कुटुंबांची पद्धती अशी झाली, तिचा जन्म कष्टकऱ्यांच्या वस्तीत झाला होता, हे येथे विसरून चालणार नाही.

भारतात या पद्धतीला देशी रूप देण्याचे श्रेय प्रामुख्याने गिजुभाई बधेका यांच्याकडे जाते. वकिली सोडून १९१६ मध्ये ते नानाभाई भट्ट यांच्या भावनगर येथील ‘दक्षिणामूर्ती’ संस्थेत दाखल झाले आणि १९२० मध्ये त्यांनी तेथे बालमंदिर सुरू केले. ‘बालमंदिर’ या नावात बालकाविषयीचा आदर ओतप्रोत आहे. मूल हेच दैवत, शिक्षक हा त्याचा उपासक आणि शिक्षा हा अधर्म, ही त्या संस्थेची भूमिका होती. तथापि मंदिराला गाभारा असतो, तसाच उंबरठाही असतो. बालमंदिरात मूल आणून सोडणारे कुटुंब आधीच शिक्षणाच्या बाजूचे होते.

ताराबाई मोडक १९२३ मध्ये या कार्यात सहभागी झाल्या. १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत जन्मलेल्या ताराबाईंचे वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थनासमाजाचे कार्यकर्ते होते. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. अमरावतीचे वकील कृ. वा. मोडक यांच्याशी झालेला त्यांचा विवाह टिकू शकला नाही. त्यानंतर राजकोट येथील स्त्रियांच्या अध्यापक महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांच्याकडे आले. त्या काळात स्त्रीला क्वचितच लाभणारे हे मानाचे पद सोडून त्यांनी अगदी लहान मुलांना शिकविण्याचे काम पत्करले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. संघाच्या ‘शिक्षणपत्रिके’द्वारे बालशिक्षणाचा विचार पालक व शिक्षक यांच्यापर्यंत नेण्यात आला आणि तिच्या मराठी आवृत्तीचे संपादन ताराबाईंनी केले.

मुंबईस परतल्यावर १९३६ मध्ये त्यांनी दादर येथे ‘शिशुविहार’ सुरू केले. येथे मंदिराची जागा विहाराने घेतली. उपासनेपेक्षा मोकळ्या वावरावर भर देणारे हे नाव होते. बालशिक्षिकांच्या प्रशिक्षणाचे मराठीतील कामही येथे आकारास आले. परंतु दादरची हिंदू कॉलनी ही सुशिक्षित मध्यमवर्गाची वसाहत होती. बालशिक्षण हे ज्यांना परवडते त्यांच्यापुरतेच राहणार काय, हा प्रश्न तेथे सुटणारा नव्हता.

बोर्डी : १९४५

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी ताराबाई वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी बोर्डीस गेल्या. १९४५ मध्ये तेथे ग्राम बाल शिक्षा केंद्राची स्थापना झाली. पश्चिम रेल्वेच्या ज्या मार्गावर दहिसर हे मुंबईच्या वेशीवरील स्थानक आहे, त्याच मार्गाने उत्तरेस शंभरएक किलोमीटर गेल्यावर घोलवड लागते. तेथून जवळच, समुद्रकिनाऱ्यावर बोर्डी हे गाव आहे.

बोर्डीची निवड अनेक कारणांनी अर्थपूर्ण होती. गोखले एज्युकेशन सोसायटीच्या तेथील माध्यमिक शाळेमुळे आणि आचार्य शं. रा. भिसे यांच्या कार्यामुळे गावात शिक्षणाची परंपरा रुजलेली होती. गांधीविचाराचा प्रभाव होता. त्याच वर्षी, जानेवारी १९४५ मध्ये, सेवाग्राम येथे झालेल्या परिषदेत नयी तालीमचा विचार शालेय वयाच्या अलीकडे, शिशुशिक्षणापर्यंत विस्तारण्यात आला होता. मॉन्टेसरींची बालकेंद्री दृष्टी आणि गांधीजींची श्रमकेंद्री, ग्रामकेंद्री दृष्टी यांचा मेळ घालण्याची संधी बोर्डीने देऊ केली.

परंतु १९४५ हे वर्ष या परिसरात आणखी एका कारणाने संस्मरणीय आहे. डहाणू-उंबरगाव भागातील वारली शेतमजूर वेठबिगारी व लग्नगडी या अमानुष प्रथांविरुद्ध याच वर्षी किसान सभेच्या नेतृत्वाखाली संघटित झाले. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी नवराबायकोने सावकाराच्या घरी पिढीजात राबावे, अशी ती प्रथा होती. गोदावरी व शामराव परुळेकर यांनी या लढ्याचे नेतृत्व केले. ऑक्टोबरमध्ये तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला. त्याआधी १९४० मध्ये बाळासाहेब खेर यांच्या पुढाकाराने आदिवासी सेवा मंडळाचे कार्य सुरू झालेले होते. याचा अर्थ असा की, ज्या मुलांसाठी बालवाडी उघडायची होती, त्यांचे आईबाप त्याच सुमारास ‘आपण कोणाचे गडी नाही’ हे प्रथमच मोठ्याने म्हणत होते. बोर्डीच्या प्रयोगाचे मोल या पार्श्वभूमीवरच नीट उमगते.

या कार्यास अनुताई वाघ यांच्या रूपाने सहकारी लाभली, ती मुंबईच्या उपनगरात. मोरगाव येथे १७ मार्च १९१० रोजी जन्मलेल्या अनुताई बालविवाहानंतर अल्पावधीतच विधवा झाल्या. पुढे शिक्षण घेऊन त्या शिक्षिका झाल्या व नोकरी सांभाळून रात्रशाळेतून मॅट्रिक झाल्या. १९४५ मध्ये कस्तुरबा ट्रस्टतर्फे बोरिवली येथे भरलेल्या ग्रामसेविकांच्या शिबिरात ताराबाईंशी त्यांचा संबंध आला आणि त्या बोर्डीस गेल्या. तेथून पुढे त्यांचे सर्व आयुष्य या कामाशी एकरूप झाले.

अंगणाचा शोध

बोर्डीतील पहिला धडा शिक्षिकांनाच मिळाला. बालवाडी उघडली, तरी ज्यांच्यासाठी ती होती ती मुले येईनात. पालक निष्काळजी होते, असा निष्कर्ष काढणे सोपे होते. प्रत्यक्षात कारणे वेगळी होती. चार-पाच वर्षांचे मूल त्या घरात ‘लहान’ नव्हते. धाकट्या भावंडाला कडेवर घेणे, शेळ्या वळणे, काटक्या गोळा करणे ही त्याची कामे होती. आईबाप पहाटे मजुरीस जात. पाडा गावापासून दूर होता. अंगावर धड वस्त्र नसताना गावातल्या इमारतीत जाण्याचा संकोच वाटे. शाळेची वेळ, शाळेची जागा आणि शाळेची अपेक्षा या तिन्ही गोष्टी भलत्याच आयुष्यासाठी आखलेल्या होत्या.

ताराबाईंनी यावर काढलेला मार्ग साधा होता. मूल शाळेकडे येत नसेल, तर शाळेने मुलाकडे जावे. शिक्षिका पाड्यावर जाऊ लागल्या आणि एखाद्या घरासमोरच्या सारवलेल्या अंगणात किंवा झाडाखाली मुले जमू लागली. अंगणातील बालवाडी ती अंगणवाडी. या शब्दामागे सोयीपेक्षा अधिक काही आहे. अंगण ही घर आणि जग यांच्यामधली जागा होय. तेथे आजी धान्य निवडत असते, कोंबड्या फिरतात, शेजारीण येऊन बसते. अंगणातील शाळा आईच्या नजरेसमोर भरते. त्यामुळे मुलाबरोबर कुटुंबही नकळत शाळेच्या कक्षेत येते. धाकटे भावंड कडेवर असल्यामुळे थोरलीला शाळेत येता येत नाही, ही अडचण अंगणात उरत नाही. दोघेही येऊ शकतात.

जागा बदलताच साधनेही बदलली. मॉन्टेसरी पद्धतीची मूळ साधने सुबक, मोजमापाने तयार केलेली आणि महागडी असतात. बोर्डीच्या किनाऱ्यावर शंखशिंपले होते, रानात बिया, पाने, फुले, गवत, बांबू आणि गोटे होते. लहान-मोठे, हलके-जड, खरखरीत-गुळगुळीत हे भेद या वस्तूंतून शिकविता येतात, हे येथे दाखवून देण्यात आले. इंद्रियशिक्षणाचे तत्त्व तेच राहिले, फक्त ते परिसरातल्या वस्तूंतून बोलू लागले. आंघोळ, केस विंचरणे, नखे कापणे, खरजेवर औषध लावणे यांनाही दिनक्रमात स्थान मिळाले. आहार आणि आरोग्य यांपासून शिक्षण वेगळे काढता येत नाही, ही जाणीव या दैनंदिन कामातून दृढ झाली.

कोसबाडची टेकडी

१९५६-५७ च्या सुमारास संस्थेचे कार्य बोर्डीहून जवळच्या कोसबाड टेकडीवर नेण्यात आले. बोर्डी हे मिश्र वस्तीचे गाव होते, तर कोसबाडच्या भोवती आदिवासी पाडे विखुरलेले होते. संस्था मुलांच्या आणखी जवळ गेली, असे या स्थलांतराचे वर्णन करता येईल.

कोसबाड येथे ‘विकासवाडी’ ही संकल्पना साकारली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा यांची एकाच आवारात सांगड घालणे, हा तिचा गाभा होता. वरवर पाहता ही प्रशासकीय सोय वाटेल, परंतु तिच्यामागे सूक्ष्म निरीक्षण होते. तान्हे मूल सांभाळण्याची व्यवस्था झाली की त्याला सांभाळणारी मोठी बहीण मोकळी होते. बालवाडीत रमलेले मूल त्याच आवारातील पहिलीच्या वर्गात न बिचकता जाते. वयानुसार वेगवेगळ्या खात्यांत विभागलेले बालपण येथे पुन्हा एकत्र जोडण्यात आले होते.

तरीही काही मुले उरलीच. गुरे घेऊन दिवसभर रानात असणाऱ्या मुलांपर्यंत अंगणवाडीही पोहोचत नव्हती. त्यांच्यासाठी कुरणशाळा सुरू झाली. गुरे चरत असताना कुरणातच शिक्षण चालावे, अशी ही योजना होती. दिवसा मुळीच सवड नसलेल्यांसाठी रात्रशाळा होती. कुरणशाळेत इमारत नाही, भिंत नाही, घंटा नाही. शाळेतून एकेक गोष्ट वजा करीत गेल्यावर अखेरीस शिक्षक, मूल आणि त्यांच्यामधील संबंध एवढेच उरते. त्या उरलेल्या भागालाच शाळा म्हणतात, हे कोसबाडने सिद्ध केले.

मात्र या वजाबाकीतून एक गोष्ट कधीही वगळली गेली नाही, ती म्हणजे प्रशिक्षित शिक्षिका. इमारत नसली तरी चालेल, परंतु बालमानस जाणणारी, गाणी-गोष्टी येणारी, निरीक्षण करून नोंदी ठेवणारी व्यक्ती हवीच, असा या संस्थेचा आग्रह होता. म्हणूनच बालशिक्षिकांचे प्रशिक्षण हा येथील कार्याचा कणा राहिला. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण किताब देण्यात आला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर संस्थेची धुरा अनुताईंनी वाहिली. त्यांना १९८४ मध्ये पद्मश्री व १९८५ मध्ये जमनालाल बजाज पुरस्कार प्राप्त झाला. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे त्यांचे पुस्तक या कार्याचा महत्त्वाचा दस्तऐवज होय.

प्रयोगाच्या मर्यादा

कोणत्याही प्रयोगाचे मूल्यमापन केवळ गौरवाने पूर्ण होत नाही. या कार्याबाबतही काही प्रश्न उपस्थित करणे आवश्यक आहे. वारली कुटुंबांच्या दारिद्र्याचे मूळ जमीन, कर्ज आणि जंगलावरील हक्क यांत होते. बालवाडीने त्या दारिद्र्याचे मुलावर होणारे आघात सौम्य केले, पण त्याच्या मुळापर्यंत जाणे हे तिच्या आवाक्यात नव्हते. ते काम दुसऱ्या चळवळींचे होते. स्वच्छतेचे आणि शिस्तीचे संस्कार देताना मध्यमवर्गीय जीवनाचे मापदंड आदिवासी जीवनास कितपत लावावेत, हाही प्रश्न उरतो. प्रमाण मराठी आणि वारली बोली यांच्यातील अंतर हा आदिवासी भागातील शिक्षणापुढचा आजही न सुटलेला पेच आहे. शिवाय दोन असामान्य स्त्रियांच्या आयुष्यभराच्या समर्पणावर उभे राहिलेले काम इतरत्र जसेच्या तसे कसे उभारावे, याचे उत्तर प्रयोगाच्या यशात मिळत नाही. पुढील घडामोडींनी हाच प्रश्न ऐरणीवर आणला.

शब्द गेला, आशय राहिला काय?

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांमध्ये सुरू केली. या योजनेच्या गावपातळीवरील केंद्रास ‘अंगणवाडी’ हे नाव मिळाले. ताराबाईंच्या निधनानंतर अवघ्या दोन वर्षांनी, बोर्डी-कोसबाडच्या कार्याशी निगडित असलेला हा मराठमोळा शब्द देशाच्या प्रशासनाचा शब्द झाला. आज देशात सुमारे चौदा लाख अंगणवाड्या आहेत. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वशालेय शिक्षण या सहा सेवा तेथे एकत्र आणल्या गेल्या. आहार, आरोग्य आणि शिक्षण यांची सांगड हे कोसबाडचेच सूत्र होते. कुपोषण व बालमृत्यू यांच्याशी झुंजणाऱ्या देशात या योजनेचे महत्त्व वादातीत आहे.

परंतु सहा सेवांपैकी शिक्षण ही सेवा हळूहळू मागे पडत गेली. वजन, आहार व लसीकरण यांची नोंद आकड्यांत होते. मुलाच्या कुतूहलाची नोंद रकान्यात बसत नाही. जी व्यक्ती कोसबाडला ‘शिक्षिका’ होती, ती योजनेत ‘सेविका’ झाली आणि वेतनाऐवजी मानधनाची धनी ठरली. अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना उपदान मिळण्याचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये सांगावे लागले, यातच त्यांच्या दर्जाची कहाणी सामावलेली आहे. ज्या एका घटकाच्या बाबतीत कोसबाडने तडजोड केली नाही, नेमकी तेथेच तडजोड झाली.

‘तयारी’ कशाची?

दुसऱ्या बाजूस शहरांमध्ये खाजगी पूर्वप्राथमिक वर्गांचे पेव फुटले. १९९३ मध्ये प्रा. यशपाल समितीने ओझ्याविना शिक्षणाची शिफारस करताना बालवर्गाच्या प्रवेशासाठी होणाऱ्या चाचण्या व मुलाखतींवर बंदी घालण्यास सांगितले होते. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १३ नुसार शाळाप्रवेशासाठी मुलांची अथवा पालकांची चाळणी करण्यास मनाई आहे. तथापि हा कायदा मूलतः सहा ते चौदा या वयोगटासाठी असून, सहा वर्षांखालील मुलांच्या मोफत शिक्षणासाठी शासनाने आवश्यक व्यवस्था करावी, एवढेच कलम ११ मध्ये म्हटलेले आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षांचा ‘पायाभूत स्तर’ मान्य करून अंगणवाड्यांना शालेय रचनेशी जोडण्याची दिशा दाखविली. विकासवाडीने बालवाडी आणि प्राथमिक शाळा यांना सांधल्यानंतर सहा दशकांहून अधिक काळ लोटल्यावर हे घडले.

या दोन वाटांचे दर्शन दहिसरसारख्या उपनगरात एकाच वेळी घडते. रहिवासी इमारतींच्या तळमजल्यांवर रंगीत भिंतींचे शिशुवर्ग भरतात. तेथून काही अंतरावरच्या दाट वस्त्यांमध्ये अंगणवाडी एखाद्या छोट्या खोलीत भरते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात वारली पाडे आजही आहेत. म्हणजे ज्या समाजाच्या मुलांसाठी ताराबाई मुंबई सोडून गेल्या, त्या समाजाची मुले मुंबईच्या हद्दीतही आहेत. विशेष म्हणजे दोन्ही ठिकाणी अंगणाचा अभाव आहे. एकीकडे जागा विकत घेता येते पण अंगण मिळत नाही, दुसरीकडे जागाच नसते.

इंग्रजी हवेलीतील शाळा मुलाला पुढच्या शाळेसाठी तयार करीत असे. तळमजल्यावरील शिशुवर्गही बहुतांशी हेच करतो. कोसबाडच्या विचारात मात्र ‘पूर्वप्राथमिक’ या शब्दातील ‘पूर्व’ हा केवळ काळाचा निर्देश आहे. चार वर्षांचे मूल पाच वर्षांचे होण्याची तयारी करीत नसते, ते आपले चौथे वर्ष पुरेपूर जगत असते. तयारी करावयाची असते ती शाळेने.

समारोप

बालमंदिरापासून कुरणशाळेपर्यंतच्या या प्रवासातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, शाळेची जागा, वेळ आणि साधने या तटस्थ बाबी नाहीत. त्यांच्यामुळे काही मुले आत येतात आणि काही बाहेर राहतात. दुसरा, मुले शाळेत येत नाहीत तेव्हा प्रथम शाळेची तपासणी करावी, मुलांची नंतर. तिसरा, इमारत, साहित्य, गणवेश यांत काटकसर करता येते, परंतु शिक्षकाच्या प्रशिक्षणात आणि प्रतिष्ठेत काटकसर केल्यास केवळ नाव शिल्लक राहते.

हे निष्कर्ष केवळ बालशिक्षणापुरते मर्यादित नाहीत. महाविद्यालयाच्या वर्गात अनुपस्थित राहणारा विद्यार्थी, मध्येच शिक्षण सोडणारी विद्यार्थिनी, सकाळच्या तासिकेस पोहोचू न शकणारा नोरकरदार तरुण यांच्याकडे पाहण्याची एक दृष्टीही त्यांतून मिळते. अनुपस्थितीच्या नोंदीपुढे शेरा लिहिण्यापूर्वी, तो विद्यार्थी त्या वेळी कोठे असतो हे जाऊन पाहणे, ही कोसबाडची शिकवण आहे. उच्च शिक्षणाचे अंगण कोठे असू शकेल, याचा शोध घेण्याचे उत्तरदायित्व आता अध्यापकवर्गावर आहे.